शेवटच्या अंतऱ्यातलं नाव

गोलूनं शेवटचा अंतरा कापायची गोष्ट काढली, तेव्हा माझी बहीण स्वयंपाकघरात भाकरी टाकत होती. तव्यावरची भाकर तशीच सोडून, पिठाचे हात घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली आणि म्हणाली, "तो नाई कापायचा."

माझ्या हातातला चहा हिंदकळून साडीवर सांडला. प्रेमिलाताई कोणाला 'नाई' म्हणते, हे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून सगळी नोकरी केली, कोणी काम सांगितलं की हो, सुट्टीच्या दिवशी बोलावलं की हो. नवऱ्यानं ऐनवेळी पाहुणे आणले की हो, बसा, भाजी टाकते. अशी बाई दारात उभी राहून नाही म्हणते म्हटल्यावर माणूस दचकणारच.

गोलू हा दीक्षाच्या बँडमधला गिटारवाला. दीक्षा म्हणजे ताईची पोरगी, दिवसा एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसते आणि रविवारी या पोरांसोबत गाते. प्रशिक ड्रम वाजवतो. त्या संगीताला ते सिम्फनिक मेटल म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, कानात बोटं घातली होती. खाली गिटार गुरगुरते, ड्रम असा धडधडतो की छातीत दुखायला लागावं, मागून पन्नास व्हायोलिनं वाजल्यासारखा कीबोर्ड. आणि मग त्या सगळ्या धुमाकुळातून आमची दीक्षा वर निघते. वर म्हणजे किती वर! घार चढते ना गोल गोल, तशी चढतच जाते. तेव्हा कानातली बोटं आपोआप निघाली माझी.

पण गाणी सगळी इंग्रजी. बर्फाची, समुद्राची, कुठल्या धुक्यातल्या डोंगराची. मी म्हटलं, "काहून वं दीक्षे, मे महिन्यात आपल्या नळाले चहाचं पाणी येते आणि तू बर्फाचं गाणं म्हणून राहिली? समुद्र पाह्यला का कधी?" पोरगी फणकारली. पण तिच्या डोक्यात काहीतरी बसलं असावं. कारण पुढच्या गाण्यासाठी तिनं आईचं गाणं काढलं.

आता आईचं गाणं म्हणजे काय, ते सांगते. आमचं माहेर पारशिवनीकडचं, जंगलाला अगदी लागून. उन्हाळा लागला की सगळं घर तेंदूपत्ता तोडायला जायचं. मी रडत जायची, ताई गात जायची. तिला त्या रानाचं काय वेड होतं, देव जाणे. मोहाची फुलं वेचता वेचता ती शब्द जुळवायची आणि मी म्हणायची, अवं माय, आधी टोपली तर भर. मग तिचं लग्न झालं ते शहरातल्या नंदनवन वस्तीतल्या भैय्याजींशी. मीही पुढे इथंच आले, दोन गल्ल्या सोडून राहते, ब्लाउज शिवते.

भैय्याजींची गायन पार्टी होती. जयंतीला, दीक्षाभूमीवरच्या गर्दीच्या दिवसांत, खेड्यापाड्यांतल्या बुद्धविहारांत त्यांचा कार्यक्रम असायचा. माझं त्यांच्याशी फारसं पटत नाही, तरी जे आहे ते आहे. गळा होता माणसाला. हार्मोनियमवर हात पडला की मंडपातली लेकरंसुद्धा रडायची थांबायची. पण गळ्यात शब्द आपोआप येत नाहीत ना. एकदा एक ओळ अडली म्हणून त्यांनी बायकोला विचारली. मग अंतरा विचारला. मग अख्खं गाणंच. ताई भाकरी थापता थापता गाणं रचायची, भैय्याजी ते मंचावर गायचे, आणि ती मागं कोरसमध्ये बसून टाळ्या द्यायची.

आणि आमच्या गाण्यांची रीत अशी की गाणं कोणाचं, हे शेवटच्या अंतऱ्यात कळतं. लिहिणारा आपलं नाव तिथं गुंफतो, अमका म्हणे, तमका सांगे. जाणते लोक त्या अंतऱ्याला कान टवकारतात. तिथं ज्याचं नाव, गाणं त्याचं. मग गाणारे मरोत, पार्ट्या मोडोत, कोणी कुठंही गावो, नाव काही जात नाही. ताईच्या प्रत्येक गाण्यात तिथं एकच नाव होतं, 'भैय्याजी म्हणे'. तिनंच गुंफलेलं. आणि कोरसला तीच ओळ परत म्हणायची असते, म्हणून मंडपामंडपांतून मागं बसून तीच म्हणायची, 'भैय्याजी म्हणे, भैय्याजी म्हणे.' मी तेव्हाही बडबडायची, आजही बडबडते. ती हसून सोडून द्यायची.

फक्त एक गाणं भैय्याजींनी घेतलं नाही. ते रानाचं. "बायकी आहे, झाडापानाचं. आपल्या मंचावर नाई चालत," म्हणाले. म्हणून ते घरातच राहिलं. दीक्षाला पाळण्यात तेच, अंगणवाडीतल्या पोरांना तेच.

तोडा मले, जाळा मले, बुडातून मी फुटीन,
जेठाच्या उन्हात काळी, आखाडात मी उठीन.

भैय्याजी गाणार नाहीत म्हटल्यावर शेवटच्या अंतऱ्यात तिनं त्यांचं नाव घातलं नाही. कोणाचंच घातलं नाही. तीन अक्षरांची जागा तशीच मोकळी, तिथं ती नुसतं हूं हूं हूं करायची.

बोटं काळी, पाय फाटले, डोईवर मोट पानाची,
… म्हणे, वळखा मले, लेक मी त्या रानाची.

आता गोलूचं तरी काय चुकलं? मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याचं पोरगं, त्याला आमची ही रीत कुठून ठाऊक. तो म्हणाला, "काकू, हे 'म्हणे' कोण म्हणे, काही समजतच नाही. गाणं लांबून राहिलं. हा अंतरा काढू, तिथं दीक्षाचा आवाज बिनशब्दाचा वर नेऊ. भारी होईल." त्यावर ताईचं ते 'नाई' आलं.

"पण काहून काकू?"

"त्यात नाव येते," ताई म्हणाली. पिठाचे हात तिनं एकमेकांवर चोळले. "नाव आलं पाहिजे."

आणि तेवढ्यात खाटेवरून भैय्याजी उठून बसले. तंबाखूच्या खर्ऱ्यानं त्यांचा गळा खाल्ला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता बोलतात ते नुसतं फुसफुसणं, कान जवळ न्यावा लागतो. त्या दिवशी मात्र न्यावा लागला नाही, इतका जोर लावला त्यांनी. "बरोबर! हाच कायदा आहे. नाव येतेच!" डोळ्यांत पाणी आलं माणसाच्या. "पोराइच्या गाण्यात माहं नाव! शाबास, दीक्षाची माय!"

ताई दारात उभीच. मग ती आत गेली. भाकर करपल्याचा वास घरभर झाला होता.

तिला त्यांचं नाव नको होतं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत तिनं मला आत ओढलं. "मेघा, माह्या गळ्याची शपथ आहे तुले. त्यायले काही बोलू नको." आता शपथ घातल्यावर काय करता? माझ्यासारखीला गप्प बसवायचं म्हणजे कुकरची शिट्टी काढून घेण्यासारखं आहे.

त्यानंतर तिची जी घालमेल सुरू झाली, ती बघवत नव्हती. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. डाळ निवडायला घ्यायची, अर्धी निवडून उठायची. माझ्या दुकानात यायची, बसायची, मी मशीन थांबवून विचारलं की "काही नाई, अशीच आली" म्हणून उठायची. दाराबाहेर गेली की परत यायची. मीही काही शांत नव्हते. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, तिची बोलणी खाल्ली, आणि उलट तिच्यावरच ओरडले.

शेवटी एक दिवस मी दार लावून घेतलं. म्हटलं, "बस. बोल आता एकदाचं. काय पाहिजे तुले?"

ती खाली बसली. मग म्हणाली, "मले माहं नाव पाहिजे, मेघा. ह्या एका गाण्यात. बाकी सगळी त्यायचीच राहू दे."

"मग सांग ना त्यायले!"

"कशी सांगू वं? आवाज गेला त्यायचा. कोणी बलावत नाई, कोणी इचारत नाई. पानठेल्यावर सांगून राहिले, विहारात सांगून राहिले, माहं नाव येऊन राहिलं म्हणून. किती दिवसानं हसले. त्या माणसाच्या तोंडातून घास काढू का?"

"आणि तुह्या तोंडातून रोज काढला त्याचं काय?" मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. ती रडली नाही. पदर सारखा केला आणि दार उघडून निघून गेली, आणि मी तिथंच बसून रडले. मला तिचा राग आला होता, त्यांचा आला होता आणि सगळ्यांत जास्त त्या शपथेचा आला होता.

शपथ भैय्याजींना न सांगायची होती. दीक्षाला न सांगायची नव्हती. मी दीक्षाला सांगितलं. पोरगी हादरली. तिला तो हुंकार म्हणजे नुसता हुंकार वाटला होता. ती तडक आईकडं गेली. "आई, तुझं नाव टाकते मी. भैय्याजी तीन अक्षरं, प्रेमिला तीन अक्षरं. ताल काही बिघडत नाही." ताई म्हणाली, पाहू. दुसऱ्या दिवशी विचारलं तरी, पाहू. रेकॉर्डिंगचा दिवस आला तरी पाहूच. तेव्हा दीक्षानं हात जोडले. "मग मी ती ओळ गातच नाही. ती ओळ तूच गा. जे नाव घ्यायचं ते घे. मी त्याच्यावरून पुढं उचलते." गोलूला तर ही कल्पना फारच आवडली.

रेकॉर्डिंग शहराबाहेर वाडीला होतं, गोलूच्या वडिलांच्या गोदामात. मागच्या बाजूच्या एका खोलीला पोरांनी जुन्या गाद्या, गोणपाटं ठोकून आवाज बंद केला होता. अर्थात बंद म्हणजे आपला नावाला. अमरावती रोडवरच्या ट्रकांनी हॉर्न मारला की पुन्हा पहिल्यापासून. भैय्याजी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून, केस काळे करून आले होते. त्यांना मधोमध खुर्ची दिली. ताई माझ्याजवळ एका खोक्यावर बसली होती. तिचा गुडघा सारखा हलत होता, मी त्यावर हात ठेवला तरी थांबेना.

दीक्षा गायली. 'तोडा मले, जाळा मले' म्हणत ती जी वर गेली, खाली प्रशिकचे दोन्ही पाय ड्रमवर धडधडत होते, मला आमचं रान दिसलं हो. जेठातलं काळं, जळकं रान, आणि त्याच्या बुडातून वर येणारा कोंब. इतकी वर्षं मी हे गाणं ऐकत आले, लेकरांना निजवायचं गाणं म्हणून. ते असं उभं राहून ओरडणारं गाणं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. भैय्याजी टक लावून बघत होते. त्यांचा पाय ठेका धरू पाहत होता, पण त्या तालात त्यांना जागा सापडत नव्हती.

मग गोलूनं खूण केली आणि ताई उठली. त्यानं तिच्या कानावर तो मोठा हेडफोन चढवला, माईक खाली केला. ती पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. सगळी वाद्यं थांबून फक्त व्हायोलिनांचा लांब सूर होता. मी मनात म्हटलं, घे. घे वं माय, एकदा तरी घे.

ताईनं डोळे मिटले. "बोटं काळी, पाय फाटले, डोईवर मोट पानाची…" साधा, थोडा बसका आवाज, पण खणखणीत. आणि मग,

"भैय्याजी म्हणे, वळखा मले, लेक मी त्या रानाची."

आतासुद्धा मला नक्की सांगता येत नाही, तिनं ते ठरवून घेतलं की कोरसमध्ये बसून बसून जिभेला वळण पडलं होतं म्हणून निघालं. डोळे उघडले तेव्हा ती स्वतःच घाबरल्यासारखी दिसत होती. गोलू ओरडला, "एकदम बढिया, काकू! एका टेकमध्ये!" प्रशिकला मात्र हसू आवरलं नाही. "भैय्याजी काका लेक कधीपासून झाले बे?" दीक्षानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं काठ्या खाली ठेवल्या.

भैय्याजी हसले नाहीत. त्यांनी ते गाणं इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं असेल, पण समोर बसून शेवटपर्यंत बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी बोट वर करून नाही नाही म्हणून हलवलं. ओठ हलले. कोणाला काही ऐकू आलं नाही.

ताईनं हेडफोन काढला. जुन्या सवयीनं तिचा चेहरा एवढासा झाला, कारण कार्यक्रमात कोरसचं काही चुकलं की ते असंच बोट हलवायचे. ती जवळ गेली, वाकली. "काय जी? सूर चुकला का?"

"सूर नाई," ते फुसफुसले. मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं. "नाव चुकलं."

ताईनं कान आणखी जवळ नेला.

"पान काय मी तोडलं?" ते म्हणाले. मध्ये श्वास घ्यायला थांबले. "मी कधी रानात गेलो?" मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं. आमच्यात जुन्या पिढीची नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. दीक्षाची माय, अवं, ऐकलं का, एवढ्यावर संसार निघतात. ते म्हणाले, "प्रेमिला म्हण."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि कुर्त्याची घडी नीट करत बसले. मला सांगायला हवं की मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी वाटलं, एवढंच म्हणायला आवाज जाईपर्यंत थांबावं लागतं का माणसाला? दोन्ही एकदम वाटलं. मी तोंडात पदर कोंबला.

ताई माईककडं गेली. हेडफोन तिनं स्वतःच चढवला, उलटा, दीक्षानं नीट केला. "परत लाव," ती गोलूला म्हणाली. बाहेर कुठलातरी ट्रक मागं मागं येत टूं टूं करत होता. तो थांबेपर्यंत सगळे थांबलो. मग तो लांब सूर पुन्हा सुरू झाला.

"बोटं काळी, पाय फाटले, डोईवर मोट पानाची…"

पुढच्या शब्दाआधी तिनं असा श्वास घेतला की मला वाटलं, आता ती हूं हूं करते.

"प्रेमिला म्हणे, वळखा मले, लेक मी त्या रानाची."

'प्रेमिला'वर आवाज चिरला थोडा. पुढं सावरला. आणि ती ओळ संपायच्या आत दीक्षानं तिच्याच शेवटच्या सुरावरून उचललं आणि वर, वर, वर नेलं. प्रशिकनं ड्रमवर असा हल्ला केला की गाद्यांमधली धूळ उडाली. भैय्याजींनी मान वर केली नाही, पण त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि दोन बोटं हलत होती. ते कोरससारखी ती ओळ पुन्हा म्हणत होते. ओठांवरून मला वाचता आलं, प्रेमिला म्हणे, प्रेमिला म्हणे.

गोलूनं सगळं बंद केलं. "झालं काकू! फर्स्ट क्लास! आता काही गरज नाही, एवढंच घेतो."

दीक्षा रडत होती, मी रडत होते, प्रशिक जमिनीकडं बघत होता. ताई मात्र माईक सोडून हलेना. मी म्हटलं, "चाल वं ताई, झालं ना."

"एक डाव आणखी घेऊ दे," ती म्हणाली.

"पण काकू, टेक चांगला आला आहे. खरंच गरज नाही."

"गरजेसाठी नाई रे बापा," ताई म्हणाली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला. "लाव तू."